मामा-मावशींच्या लग्नाचा खुलासा

बातमी घेऊन आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त वैताग कशाचा येत असेल, तर समोरच्याने "मग?" म्हणण्याचा. आमच्या दैनिकात हे काम एका माणसाने आयुष्यभर मनापासून केलं आहे.

"काका, बाजारात टेम्पो उलटला."

"मग?"

"टोमॅटो सगळे रस्त्यावर."

"मग?"

"लोकांनी पळवले."

"मग?"

"मग काय मग! फोटो काढला आणि आलो."

"म्हणजे ड्रायव्हर कुठे गेला ते तू पाहिलंच नाहीस," असं म्हणून ते चष्मा कपाळावर चढवतात आणि अशा नजरेने बघतात, की टोमॅटो आपणच पळवले असावेत असं आपल्याला वाटू लागतं.

म्हणून ते मगकाका. खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण तिथेही कारकुनाने कंसात 'मगकाका' लिहून ठेवलं आहे, कारण नुसत्या नावाने पाकीट कुणाला द्यायचं हे शिपायाला कळत नाही. अंगाने किडकिडीत, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यातलं एक कायम गळकं, तरी ते टाकत नाहीत, कारण ते का गळतं याचा शोध अजून लागायचा आहे. बसायची जागा खिडकी आणि पाण्याचा कूलर यांच्या मधोमध. पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येकाला दोन प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. आमच्याकडे उन्हाळ्यातही लोक कमी पाणी पितात ते यामुळेच.

त्यांच्याकडे रविवारचं अर्धं पान आहे. पानाचं नाव 'गावोगावी'. काही वर्षांपूर्वी कुठल्याशा ऑनलाइन प्रशिक्षणात वेगवेगळ्या देशांतल्या छोट्या गावांचे वार्ताहर एकत्र आले. प्रशिक्षण कसलं होतं ते आता कुणालाच आठवत नाही, पण मंडळी एकमेकांना चिकटून राहिली. त्यांनी ठरवलं, की दर आठवड्याला प्रत्येकाने आपल्या गावची एक बातमी बाकीच्यांना द्यायची आणि बाकीच्यांनी ती आपापल्या भाषेत छापायची. अट एकच. मोठी बातमी चालणार नाही. युद्ध नको, निवडणूक नको, मंत्री तर नकोच नको. जी बातमी आपल्या गावाबाहेर कुणीही छापणार नाही, तीच पाठवायची.

त्यामुळे आमच्या वाचकांना जगाविषयी भलतीच माहिती आहे. कुठल्या देशाचा पंतप्रधान कोण हे विचाराल तर डोकं खाजवतील, पण एका गावातला एकुलता एक सिग्नल काढून टाकला तरी लोक तिथे येऊन थांबतातच, हे पानवाल्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. एका गावात कारखान्याचा भोंगा बंद पडला, तेव्हा कारखान्याशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांचीही जेवायची वेळ चुकायला लागली. त्यावर आमच्याकडे न्हाव्याच्या दुकानात आठवडाभर चर्चा चालली होती.

दर बुधवारी दुपारी ही मंडळी व्हिडिओ कॉलवर भेटतात. आमच्या मीटिंगच्या खोलीत लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर ठेवला जातो, काका भांग पाडून बसतात. पडद्यावर कुणी नाश्ता करत असतं, कुणी स्वेटरवर स्वेटर चढवून बसलेलं असतं. डोंगरातल्या गावचा एक वार्ताहर कायम गाडीत बसून बोलतो, कारण त्याच्या घरी नेट येत नाही आणि गाडी टेकडीवर नेता येते. सगळे इंग्रजीत बोलतात. सगळ्यांचंच इंग्रजी मोडकं, म्हणून सगळ्यांना कळतं. एकदा एक अस्सल इंग्रजीवाला आला होता, तेव्हा कुणाला काही समजलं नव्हतं.

या सगळ्यांत काकांचं गूळपीठ बेटवालीशी. ही बाई एका बेटावर राहते. बेटावर एक साप्ताहिक आहे, चार पानी. बातम्या तीच आणते, फोटो तीच काढते, अंक छापून झाले की बोटीवर गठ्ठे चढवायलाही तीच जाते. वर एक संपादक आहेत, जे बोलत नाहीत, फक्त खोडतात. बाहेरच्या गावांच्या बातम्या छापायची कल्पना तिची. संपादक म्हणाले होते, "आपल्या लोकांना पलीकडच्या धक्क्यावर काय चाललंय याची पर्वा नाही, आणि तू त्यांना जग दाखवणार." तिने हट्टाने सदर सुरू केलं आणि ते चाललं. तिच्यावर काकांचा इतका जीव, की तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आमच्या गावातल्या हाडांच्या डॉक्टरला यांनी रस्त्यात गाठून "मग?" विचारलं होतं.

तिच्या बातम्या मराठीत आणताना काकांची एकच तक्रार असायची. ती 'अंकल' लिहायची.

"अंकल म्हणजे कोण?" काका कॉलवर विचारत. "आईचा भाऊ की वडिलांचा?"

"अंकल म्हणजे अंकल."

"तसं आमच्याकडे छापता येत नाही. घर पुतणीच्या नावावर करणारा काका असेल तर ती वाटणी. मामाने भाचीच्या नावावर केलं तर ती माया. बातमीच बदलते."

मग ती बिचारी ज्याच्या घरी दुःख झालं आहे तिथे जाऊन विचारायची, की माफ करा, पण गेलेले गृहस्थ आईकडचे होते की वडिलांकडचे? बेटावरचे लोक तिला वेडी समजायला लागले होते. पण काकांच्या पानात कधी भोंगळ 'अंकल' आला नाही.

आमच्या बातम्या इंग्रजीत पाठवतानाही हाच काटेकोरपणा. आमच्या बातमीत 'मामा' आला की ते लिहायचे 'मदर्स ब्रदर'. 'मावशी' आली की 'मदर्स सिस्टर'. मी एकदा म्हटलं, "काका, नुसतं लेडी लिहा की."

"लेडी कोण? कॅन्टीनच्या मावशी लेडी आहेत? तू त्यांना तोंडावर लेडी म्हणून दाखव, मी उद्यापासून लेडी लिहितो."

मी काही म्हणून दाखवलं नाही. मला त्याच कॅन्टीनमध्ये जेवायचं होतं.

आता ही मावशी आणि मामा कोण, ते सांगतो. आमच्या ऑफिसच्या तळमजल्यावर कॅन्टीन आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. चहा, टोस्ट, उकडलेली अंडी आणि न मागता मिळणारा सल्ला, एवढ्या गोष्टी तिथे मिळतात. आमच्या दारावरून जी सिटी बस जाते, तिचे कंडक्टर म्हणजे मामा. गावातली निम्मी पोरं त्यांच्या बसमधून शाळेत गेली, म्हणून ते सगळ्यांचे मामा. दोघांचे जोडीदार बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेले. मामा फेरी संपली की कॅन्टीनमध्ये चहाला यायचे. चहा संपला तरी बसून राहायचे. हे आम्हा पत्रकारांच्या नाकाखाली कितीतरी महिने चाललं होतं आणि एकाच्याही लक्षात आलं नाही, यावरून आमच्या शोधपत्रकारितेची कल्पना यावी.

मग एक दिवस दोघांनी रजिस्टर लग्न केलं. मी चार ओळींची बातमी दिली, 'मामा-मावशींचं जमलं' अशी. गावात असा आनंद झाला की विचारू नका. बसमध्ये लोकांनी मामांना बसायला जागा दिली, कंडक्टरला!

काका म्हणाले, "ही आपली या आठवड्याची बातमी." त्यांनी मन लावून भाषांतर केलं. मीच दिलेली बातमी, त्यामुळे मी वाचूनही पाहिली नाही. ते वाक्य असं होतं: 'ज्यांना सारं गाव आईचा भाऊ मानतं, त्यांनी ज्यांना सारं गाव आईची बहीण मानतं, त्यांच्याशी लग्न केलं. गावात आनंदीआनंद.' आता 'मानतं' याला त्यांनी इंग्रजीत काय लिहावं? 'नोज', म्हणजे सारं गाव जाणतं.

पुढच्या बुधवारी कॉलवर बेटवाली आली ती पडलेला चेहरा घेऊनच. मागे कुठेतरी पाणी आपटत होतं.

"तुमची बातमी मी पहिल्या पानावर घेतली होती," ती म्हणाली. "फोटो गोड होता."

"मग?" काका.

"आमच्याकडे एक म्हातारा आहे. बोट चालवायचा, आता निवृत्त. त्याला वंशावळीचा नाद. तुमच्या गावच्या जेवढ्या बातम्या आल्या, त्यातून तो तुमच्या गावाची वंशावळ काढत होता. त्याच्या मते तुमचं अख्खं गाव एक कुटुंब आहे."

काका खुलले. "अरे वा! मग?"

"मग तो कागद घेऊन ऑफिसात आला. त्याने विचारलं, सगळ्यांच्या आईचा भाऊ आणि सगळ्यांच्या आईची बहीण. म्हणजे ते दोघं एकमेकांचे कोण?"

डोंगरवाल्याने गाडीत बसल्या बसल्या बोटांवर नातं मोजलं आणि तोंडावर हात ठेवला. मी टेबलाखाली काहीतरी पडल्याचं निमित्त करून खाली वाकलो. हसताना दिसायला नको होतं.

"भाऊ-बहीण," ती म्हणाली. "आम्ही पहिल्या पानावर भावा-बहिणीच्या लग्नाचं अभिनंदन छापलंय. शाळेतल्या बाईंनी निषेधाचं पत्र दिलंय. दवाखान्यातल्या नर्सने विचारलंय, की तिकडच्या मुलांची तब्येत कशी असते."

"पण शब्दन् शब्द बरोबर आहे!" काका म्हणाले.

"काका," मी खालूनच म्हटलं, "शब्दन् शब्द बरोबर आहे, बातमी चुकली आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पडद्याकडे बघत होते, कारण ती आता हळू आवाजात बोलत होती. संपादकांनी तिला सांगितलं होतं, की पुढच्या अंकात दिलगिरी छापायची: त्या गावची बातमी खोटी होती, सदर बंद करत आहोत. आणि सदर तिच्या हट्टावर चालू होतं, तेव्हा सदराबरोबर तीही बंद. बेटावर दुसरं वर्तमानपत्र नाही. म्हणजे आईला तिथे सोडून बोटीने पलीकडे जायचं आणि मिळेल ते काम धरायचं.

"दिलगिरी देऊ नकोस," काका म्हणाले. "लग्न खोटं नाही. मी खुलासा पाठवतो."

आमच्या धंद्यात या दोन शब्दांत बराच फरक आहे. दिलगिरी म्हणजे आम्ही चुकलो. खुलासा म्हणजे चुकलात तुम्हीच, पण सांगणार आम्ही सौम्य शब्दांत.

"शुक्रवारी दुपारच्या बोटीने अंक जातो," ती म्हणाली. "त्याआधी हवा. आणि काका, तो त्यांना पटायला हवा."

काका जागेवर गेले, गळकं पेन घेतलं आणि लिहिलं: 'मामा हे मामा नाहीत. मावशी या मावशी नाहीत.' मला दाखवलं.

"मग?" मी म्हटलं.

इतक्या वर्षांत त्यांना हा शब्द कुणी परत केला नसावा. ते दचकले.

"मग काय?"

"मामा नाहीत, मावशी नाहीत, मग कोण आहेत? बेटावरचा म्हातारा हेच विचारणार. नात्यातले नाहीत तर सारं गाव त्यांना तसं का म्हणतं? आम्ही सगळे खोटारडे का?"

काकांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "मला माहीत नाही. चल, विचारून येऊ."

बस स्टँडवर मामा बसच्या पायरीवर बसून तिकिटाच्या मशीनमध्ये कागदाचा रोल घालत होते.

"मामा, तुम्ही कुणाचे मामा?" काकांनी सरळच विचारलं.

मामा चटकन उठून उभे राहिले. "कुणी तक्रार केली का?"

"तक्रार नाही हो. खरे भाचे किती तुम्हाला?"

"एक नाही. आम्ही सगळे भाऊच, बहीणच नाही. घरी मला काका म्हणतात पुतणे. मामा फक्त बसमध्ये."

"मग बसमध्ये मामाच का? साहेब का नाही?"

मामा हसले. "साहेब म्हणाले असते तर उतरवलं असतं एखाद्याला खाली, पास विसरला म्हणून. मामा म्हटल्यावर उतरवता येतं का? लोक काय कमी हुशार आहेत? पहिल्याच दिवशी एक म्हातारी चढली, माझ्या आजीच्या वयाची, आणि म्हणाली, मामा, जरा हात दे. मी दिला. झालं, अडकलो तो अडकलो."

"वयाने मोठी असून मामा म्हणाली?"

"मोठी असली म्हणून काय झालं? पोरांच्या वतीने म्हणतात हो बायका. तिचा नातू होता कडेवर."

काका हे लिहून घेत होते आणि पेन हातावर गळत होतं. मामांनी विचारलं, भानगड काय आहे. आम्ही सांगितली. ते आधी लाल झाले, मग म्हणाले, "हिला सांगू नका." पण तोपर्यंत आम्ही कॅन्टीनकडे निघालो होतो.

मावशी ग्लास विसळत होत्या. सगळं ऐकलं आणि हातातला ग्लास बाजूला ठेवून अंड्यांच्या रिकाम्या क्रेटवर बसून हसत सुटल्या. हसता हसता डोळे पुसायच्या, पुन्हा हसायच्या. मग एकदम थांबल्या.

"त्या पोरीची नोकरी जाणार? माझ्या लग्नापायी?"

"म्हणून तर आलोय. तुम्हाला मावशी पहिल्यांदा कुणी म्हटलं?"

"तुमच्या छापखान्यातल्या मशीनवाल्याने. डोक्यावर एक काळा केस नव्हता त्याच्या, आणि मला मावशी! मी म्हटलं, बाबा, तुझी मावशी व्हायला मला दोनदा उलटं जन्माला यावं लागेल. तर म्हणतो, ताई म्हटलं तर तुम्ही बरोबरीच्या झालात, रागवायच्या नाहीत. आई म्हटलं तर जास्तच रागवाल. मावशी बरी. रागवते, पण वाढतेही."

"पटलं तुम्हाला?"

"पटायचं काय त्यात? त्या दिवशी मी खरंच रागावले त्याच्यावर, कप फोडला होता त्याने. आणि वाढलंही." त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "मला सख्खी बहीण आहे, पण तिला मूल नाही. म्हणजे खऱ्या नात्याने मला मावशी म्हणणारं कुणीच नाही. तुम्हीच सगळे."

काका लिहायचे थांबले. मला वाटलं, झालं, खुलासा मिळाला, आता निघावं. पण ते मगकाका होते.

"मग आता तुम्ही मामांना काय म्हणता?"

मावशी लाजल्या. मी त्यांना कधी लाजताना पाहिलं नव्हतं. बघायला नको म्हणून मी बरणीतले टोस्ट मोजायला लागलो.

"तेच तर," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मामाच म्हणत आले. मामा चहा घ्या, मामा पाऊस आहे का बाहेर. आता नवरा झाला म्हणून तोंड ऐकतंय होय? 'अहो' म्हणायला जाते आणि 'मामा' निघून जातं. लग्नाच्या दिवशी रजिस्टर ऑफिसातसुद्धा निघालं. तिथला कारकून सही घेता घेता थांबला."

परत येताना मी जिन्यातच काकांना थांबवलं. "हे शेवटचं लिहू नका."

"का?"

"का म्हणजे? ते आधीच म्हणतायत भाऊ-बहिणीचं लग्न. त्यात तुम्ही लिहिणार, की बायको नवऱ्याला आईचा भाऊ म्हणते? नर्स बोट पकडून थेट इथे येईल तपासायला!"

"पण खरं आहे."

"खरं आहे हो. पण त्या बाईची नोकरी आहे ना पणाला?"

ते कठड्याला टेकले. "हे बघ," म्हणाले, "मी हे गाळलं तर खुलासा गुळगुळीत होईल. मामा मामा नाहीत, मावशी मावशी नाहीत, गैरसमज नसावा. असले खुलासे आपण नगरपालिकेचे छापतो. तू कधी एकावर तरी विश्वास ठेवलास?"

नगरपालिकेच्या बातम्या माझ्याकडेच आहेत.

त्यांनी सगळं लिहिलं. पोरांच्या वतीने मामा म्हणणारी म्हातारी, कप फोडणारा मशीनवाला, बहिणीला मूल नसलेली मावशी, आणि रजिस्टर ऑफिसात तोंडातून निघालेला 'मामा'. खाली लिहिलं: 'आमच्याकडे हे शब्द नात्याचे आहेत, पण नातं असलंच पाहिजे असं नाही. हे मी आधी सांगायला हवं होतं. मला ते इतकं माहीत होतं, की माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं.'

गुरुवारी संध्याकाळी बेटवालीचं उत्तर आलं. संपादकांनी खुलासा दोनदा वाचला, काहीही खोडलं नाही, आणि म्हणाले, की कागदावर विश्वास ठेवूनच फसलो होतो, आता मला ती माणसं दाखवा.

शुक्रवारी दुपारी मीटिंगच्या खोलीत पुस्तकांची चळत रचली. मावशी ओल्या हातांनीच आल्या. मामांची फेरी होती, पण ड्रायव्हरने बस आमच्या दारात थांबवली आणि आतल्या प्रवाशांना सांगितलं, पाच मिनिटं, मामांचं परदेशात काम आहे. प्रवासी उतरून खिडकीशी उभे राहिले.

पडद्यावर संपादक आले. मोठे, पांढऱ्या मिशांचे, समोर लाल पेन्सिल. शेजारी बेटवाली. तिने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर धरली होती आणि तिची कड चुरगाळत होती.

संपादकांनी या दोघांकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग त्यांच्या भाषेत काही विचारलं. बेटवालीने ते इंग्रजीत केलं, काकांनी मराठीत.

"ते विचारतायत, की तुम्हा दोघांचे चेहरे अजिबात मिळत नाहीत, हे बरोबर का?"

"देवाची कृपा," मावशी म्हणाल्या. "त्यांचं नाक बघा."

हे काकांनी जसंच्या तसं पुढे दिलं. संपादकांच्या मिशा किंचित हलल्या. त्यांनी काकांच्या खुलाशातली एक ओळ लाल पेन्सिलीने दाखवली.

"ते म्हणतात, बाई यांना आईचा भाऊ म्हणतात हे तुम्ही लपवू शकला असतात. लपवलं नाहीत, म्हणून बाकीचं मला जवळजवळ पटलं आहे. पण एक राहिलं. बाई काय म्हणतात ते लिहिलंय. हे गृहस्थ बाईंना काय म्हणतात? तेही तिला आईची बहीण म्हणतात का?"

सगळे मामांकडे वळले. खिडकीतले प्रवासीही. हा प्रश्न काकांनी विचारला नव्हता. मगकाकांनी विचारला नव्हता! त्यांच्या चेहऱ्यावर जी काही शरम होती ती बघण्यासारखी होती, पण माझं लक्ष मामांकडे होतं.

मामा खाली बघत होते. गळ्यातल्या पिशवीचा पट्टा सारखा करत होते.

"मी हाकच मारत नाही," शेवटी ते म्हणाले. "मावशी म्हणवत नाही आता. नावाने म्हणायची लाज वाटते. काही सांगायचं असलं की उठतो, जवळ जातो आणि बोलतो."

मावशींनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. ही बातमी त्यांनाही नवीन असावी.

"काका," मी हळूच म्हटलं, "सांगा ना त्यांना."

काका सांगायला लागले आणि अडले. एक वाक्य सुरू केलं, सोडलं, दुसरं धरलं. शेवटी त्यांनी अगदी साधं सांगितलं, शब्द मोजून: तो तिला बोलावत नाही. तो तिच्याकडे जातो.

बेटवालीने ते आपल्या भाषेत केलं. संपादकांनी ऐकलं. ते उठले. मला वाटलं, संपलं. ते पडद्याबाहेर गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ते एक जाड पेन घेऊन परत आले. लाल नाही, काळं. खुलाशाच्या खाली त्यांनी स्वतःच्या हाताने ते वाक्य लिहिलं, आणि सदराच्या नावापुढे, जिथे त्यांनी आधीच 'बंद' लिहून ठेवलं होतं, तिथे तो शब्द खोडला.

बेटवालीने टोपी डोक्यावर घातली. मागे कुठेतरी बोटीचा भोंगा वाजला, तशी ती धडपडत उठली. पान अजून छापायचं होतं आणि बोट थांबणार नव्हती. जाताना तिने पडद्यासमोर एकदा हात हलवला, तो नेमका कुणाला ते कळलं नाही. आमच्या बाजूने सगळ्यांनीच हलवला.